फाटकासमोरची खोली

३ मार्च

मावशी,

पाया पडते आणि एका दमात सगळं सांगते. फोन कानाला लावला की तुला नुसती खरखर ऐकू येते, म्हणून पत्र. आयुष्यभर मशीनवर शाळेचे गणवेश शिवून कान घालवलेस, आता माझी अक्षरं लावत बस.

नोकरी चांगली आहे. औषधाच्या बाटल्यांचा कारखाना. मागून उजेड पाडलेल्या पांढऱ्या काचेसमोर आम्ही बायका बसतो, पट्ट्यावरून बाटल्या सरकत जातात. त्यातली तडा गेलेली किंवा बुडबुडा राहिलेली बाटली उचलून बाजूला काढायची. डोळ्यात तेल घालून बघावं लागतं. पहिल्या दिवशी सुटल्यावर मला भिंतीही सरकताना दिसत होत्या. मुकादमीणबाई म्हणाल्या, आठवडाभर असंच होतं, मग भिंती थांबतात. थांबल्या.

घरापायी मात्र नाकी नऊ आलेत. सध्या कामावरच्या एका मैत्रिणीच्या खोलीत जमिनीवर झोपते. तिची खोली तरी केवढी, मी कूस बदलली की तिला उठावं लागतं. दलाल आहे एक, त्याच्या तोंडी सगळी घरं 'हे काय, दहा मिनिटांवर'. त्याच्या दहा मिनिटांत मी दोन बस बदलल्या आणि एक पूल पायी ओलांडला. तो स्वतः स्कूटरवर पुढे. कारखान्याजवळ घरं आहेत, पण भाडं ऐकून मी प्यायला पाणी मागितलं. लांबची परवडतात, पण तिथून अंधारात निघायचं आणि अंधारात परत पोचायचं.

भिंगरी काय करते? विचारते का मला? कधी पाठवतेस तिला? कामात हात चालू असतात तोवर ठीक, घरी आलं की त्यांचं काय करावं ते कळत नाही.

तुझी बयो


११ मार्च

बयो,

आशीर्वाद आहेतच, ते काय मुद्दाम लिहायला हवेत. पत्र मिळालं आणि जीव भांड्यात पडला.

भिंगरी मजेत आहे. मशीनखाली बसून चिंध्यांचं दुकान मांडते आणि मलाच गिऱ्हाईक करते. काल माझीच कात्री मला विकली, वर घासाघीसही करू दिली नाही. तुझी आठवण काढते, पण रडत नाही. दुपारी एकदा दारात जाऊन उभी राहते, थोडा वेळ रस्ता बघते, मग परत दुकान.

आता नीट ऐक. पोर तुझी आहे, तिला अडवणारी मी कोण. तिच्या बापानं दुसरा संसार थाटला तेव्हापासून तूच तिचं सगळं. पण जवळचं घर मिळेपर्यंत मी तिला पाठवणार नाही. जवळ म्हणजे तुझ्या त्या दलालाचं जवळ नव्हे. हाक मारली तर ऐकू जाईल इतकं जवळ. खोली लहान असली तरी चालेल, कोंदट चालेल. पण पोरीला ताप भरला, पोर पडली, घाबरली, तर तू पदर खोचून धावत पोचली पाहिजेस. दोन बस बदलून आई येईपर्यंत चार वर्षांच्या पोरीनं करायचं काय? हा माझा हट्ट समज. आजवर तुझे पुष्कळ पुरवले, आता माझा एक पुरव.

आणि जेवत जा वेळेवर. पत्रात त्याचा एक शब्द नाही.

मावशी


२८ मार्च

मावशी,

मिळाली खोली. आता हसत हसत भिंगरीची पिशवी भरायला घे.

अगदी तू म्हणालीस तशी, कारखान्याच्या फाटकासमोर. मध्ये फक्त रस्ता. दलालानं नाही, कामावरच्या एका बाईनं ओळखीतून मिळवून दिली, म्हणून परवडली. पत्रं मात्र कारखान्याच्याच पत्त्यावर घाल, इथला पोस्टमन जिना चढायचा कंटाळा करतो.

एकच खोली आहे, लांबट. खिडकीच्या कट्ट्यावर हनुवटी टेकली की समोरचं फाटक दिसतं. आत जाणाऱ्या बायका दिसतात. चेहरे कळत नाहीत, नुसते डोक्याला बांधलेले पांढरे रुमाल. नळ कोपऱ्यात आहे, जरा उंचावर. खाली डबा उपडा घालून चढलं की हात पोचतो. दाराची कडी तर फारच वर आहे, पण ती मला कशाला लागते. फरशी छान थंड. एक फरशी फुटलेली आहे, तिच्या खळग्यात पाणी ओतलं की तळं होतं, भिंगरीला उद्योग मिळेल. टेबल आहे, साधं लाकडी, पण खालून निळंशार. आणि दिवसभर समोरून वाफेचा आणि गरम कापडाचा वास येतो. तो मला का कोण जाणे फार आवडतो.

आता तरी हट्ट फिटला ना? कामावर जायला रस्ता ओलांडला की झालं. चहाच्या सुट्टीतसुद्धा घरी येऊन जाता येतं. पोरीला कधी आणू, एवढंच कळव.

तुझी बयो


६ एप्रिल

बयो,

पत्र मिळालं. चार वेळा वाचलं.

भिंगरीला जरा खोकला आहे, तेव्हा इतक्यात नको. घाबरू नकोस, साधाच आहे.

मला एवढं सांग. त्या खोलीचं दार आतून कुठल्या रंगाचं आहे? आत उघडतं की बाहेर? खिडकीखालच्या भिंतीवर काही आहे का? आणि तुला ती खोली दाखवली ती बाई कोण, तिचं वय काय?

बाटल्यांच्या कारखान्यातून गरम कापडाचा वास कसा येतो, हेही लिही.

मावशी


१५ एप्रिल

मावशी,

ही काय उलटतपासणी. पोलिसात का नाही गेलीस तू?

दार हिरवं आहे. आत उघडतं. खालच्या फळीचे पोपडे निघालेत, त्यात एक घोडा दिसतो, मान खाली घातलेला. खिडकीखाली भिंतीवर पेन्सिलीनं ओढलेल्या रेघा आहेत, खूप, एकमेकींना चिकटून. आधी राहिलेल्या कुणाच्या तरी पोराचे उद्योग असतील. बाई चाळिशीची, बाटल्या खोक्यांत भरणाऱ्या विभागातली. आणि वास येतो तर येतो, त्याला मी काय करू. शेजारी लॉन्ड्री असेल.

खोकला तुझ्या मनातला आहे हे मला कळत नाही असं समजू नकोस. तू जवळचं घर म्हणालीस, मी घेतलं. आता काय वाकडं आहे? मावशी, मनात आहे ते बोलूनच टाकते. माझ्या आईनं मला तुझ्या ओसरीत ठेवलं, नोकरीला निघून गेली, आणि आजारी पडून तिकडेच मेली. एकदा मागे वळून पाहिलं नाही तिनं. तू माझं सगळं केलंस, पण मी सगळं लहानपण दारात उभी राहून काढलंय. माझी पोर आता तुझ्या दारात उभी राहते, हे तूच लिहिलंस. मला माझ्या आईसारखं व्हायचं नाही. भिंगरीला पाठव.

बयो


२९ एप्रिल

बयो,

मी शहरात येऊन गेले. भिंगरीला शेजारी घड्याळजीच्या बायकोकडे ठेवलं आणि सकाळची गाडी धरली. विचारत विचारत तुझ्या कारखान्यापर्यंत पोचले. फाटकासमोर घर नाही, गं. ट्रक दुरुस्त करायचं आवार आहे, त्याला लांबच लांब पत्र्याची भिंत. मी ती या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून पाहिली. मग पलीकडे चहावाल्याच्या बाकावर बसून राहिले. भोंगा झाला, तू बाहेर आलीस. वाळली आहेस. बसमध्ये उभ्यानंच डोळे मिटलेस, तेही पाहिलं.

हाक मारली नाही. थाप मारलीस म्हणून रागावले, असं समजू नकोस. तुला वाटत असेल खोली मनानंच रचली. खोलीच्या बाबतीत तू एक अक्षर खोटं लिहिलेलं नाहीस.

ती खोली होती, बयो. त्याच शहरात, दुसऱ्या टोकाला. हॉस्पिटलांच्या चादरी धुऊन इस्त्री करायचा मोठा कारखाना होता, त्याच्या फाटकासमोर. माझी धाकटी बहीण, तुझी आई, तिथं चादरी दाबून काढणाऱ्या इस्त्रीच्या गरम रुळावर कामाला होती. डोक्याला पांढरा रुमाल बांधून. तिनं तुला माझ्या ओसरीत कधीच ठेवलं नव्हतं. तू तिच्याजवळ होतीस.

घरमालक फक्त एकट्या कामकरी बायकांना खोल्या द्यायचा, मूल चालत नव्हतं. कारखान्यातही लेकुरवाळी घेत नसत. म्हणून तिनं तुझ्याबद्दल कुणाला पत्ता लागू दिला नाही. सकाळी तुला आत ठेवायची, बाहेरून कुलूप घालायची. चहाच्या सुट्टीला रस्ता ओलांडून यायची, जेवायला यायची, पुन्हा चहाला यायची. मला लिहायची, ताई, एवढं जवळ घर आख्ख्या शहरात कुणाला मिळालं नसेल, फाटकातून हात वर केला की खिडकीत पोरीचं डोकं दिसतं. मीही इथं निर्धास्त होते.

एका सकाळी ती रुळाजवळ उभी असताना खाली कोसळली. हृदय बंद पडलं, म्हणाले. तिला हॉस्पिटलात नेलं, तिथून मला तार केली. मी दुसऱ्या दिवशी दुपारी पोचले. पहिला प्रश्न विचारला, पोर कुठे आहे? कुठली पोर, म्हणाले.

तू त्या खोलीत होतीस. आदला दिवस, रात्र आणि ती सकाळ.

मी ती खोली एकदाच पाहिली. तुला जवळ घ्यायला खाली बसले, तेव्हा टेबलाची निळी बाजू दिसली. उभ्या माणसाला ती दिसत नाही. उभ्या माणसाला खिडकीच्या कट्ट्यावर हनुवटी टेकता येत नाही, नळासाठी डबा उपडा घालावा लागत नाही, कडी वर वाटत नाही. तू धडधाकट बाई आहेस, माझ्यापेक्षा वीतभर उंच. तुझं पत्र मी मशीन थांबवून पुन्हा पहिल्यापासून वाचलं. कुठल्या उंचीवरून बघून लिहीत होतीस गं?

माझ्याकडे आल्यावर किती तरी महिने तू बोलली नाहीस. बोलायला लागलीस तेव्हा त्यातलं काही तुला आठवत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, नसेल आठवत तर आठवण करून देऊ नका. म्हणून मी ती ओसरीची गोष्ट रचली. आईवर तुझा राग राहिला, तो मला चालला. तुझ्या मनात ती खोली राहिली असती तर ते मला सोसलं नसतं. आता कळतंय की ती होतीच.

मावशी


९ मे

मावशी,

आधी कबूल करते. मी दूर राहते. दोन बस, तो पूल, मग चढाचा रस्ता. तिसऱ्या मजल्यावर, बरी खोली आहे, उजेड आहे. जवळचं परवडेना आणि तू जवळच्या घराशिवाय पोर देईना, म्हणून थापा मारल्या. बसमध्ये मांडीवर पाकीट ठेवून लिहिलं ते पत्र. एवढंच वाटलं होतं की भिंगरीला इथं आणल्यावर तुला समजावीन.

लिहिताना मला जराही विचार करावा लागला नाही, मावशी. आजवर साधं रजेच्या अर्जाचं कारण मला सुचलेलं नाही. आणि टेबल खालून निळं आहे, हे मी न थांबता लिहून गेले. आता डोळे मिटले की ती खोली समोर येते. कामावर पांढऱ्या काचेसमोर बसले की बाटल्यांऐवजी रुमाल सरकतात. मुकादमीणबाईंनी परवा विचारलं, बरं नाही का? एक फुटकी बाटली माझ्या हातून पुढे गेली होती.

तू सांगितलं नाहीस म्हणून भांडायला हवं, पण त्राण नाही. तीस वर्षं मी जिला शिव्या दिल्या ती रोज रस्ता ओलांडून धावत येत होती. हे मी कुणाला सांगू?

भिंगरीला पाठवू नकोस. तुझ्याकडेच राहू दे. मी हे रागानं लिहीत नाही. जी बाई पोरीसाठी एवढी जवळ राहिली तिच्या हातून असं झालं, मग मी तर पुलापलीकडे. इथं मला ओळखणारं कोण आहे? मी उद्या पट्ट्याजवळ पडले तर मला पोर आहे हे तरी कुणाला ठाऊक आहे? मैत्रिणीलासुद्धा मी एकटीच आहे असं सांगितलंय. नोकरी जाऊ नये म्हणून. वाच आता, आणि काय म्हणायचं ते म्हण.

एकच विचारते. तू दार उघडलंस तेव्हा मी काय करत होते? रडत होते का? ते मला अजून दिसत नाही. तिथपर्यंत आलं की सगळं पुसलं जातं. खरं असेल ते लिही, मला वाचवायला जाऊ नकोस.

बयो


१८ मे

बयो,

पिशवी भरून झाली आहे. परवाच्या गाडीनं भिंगरीला घेऊन येते. मशीन घड्याळजीच्या बायकोच्या स्वाधीन केलं, गणवेशांचा हंगाम तिनं सांभाळायचं कबूल केलंय. मीही राहणार आहे, किती दिवस ते मला विचारू नकोस. तिसरा मजला तर तिसरा मजला, गुडघे कुरकुरतील, कुरकुरू देत.

जवळ घर घे म्हणून मी तुझ्या मागे लागले, ते चुकलं असं नाही, पण मुद्दा तो नव्हता. तुझी आई रस्ता ओलांडण्याइतकी जवळ होती. तिथं पोर आहे हे एका जरी माणसाला ठाऊक असतं तर तासाभरात कुणी तरी दार फोडलं असतं. तेव्हा मी येईपर्यंत एवढं कर. मुकादमीणबाईंना सांग. मैत्रिणीला सांग. तळमजल्यावर जो कोण राहतो त्याला सांग, समोरच्या दारातल्याला सांग, रोज ज्या बसनं जातेस तिच्या कंडक्टरलासुद्धा सांग. मला मुलगी आहे, तिला भिंगरी म्हणतात, ती अमुक खोलीत असते. नोकरी गेली तर गेली, दोघी मिळून गणवेश शिवू. आल्यावर मी स्वतः जिन्यात उभी राहून सगळ्यांना विचारणार आहे, पोर कुणाची सांगा.

तू विचारलंस ते आता लिहिते. आजवर कुणाला सांगितलं नाही. तुझ्या मावसोबांना शेवटपर्यंत सांगितलं नाही. लोकांनी मला वेडी ठरवलं असतं, त्याचं काही नाही, पण तुला ठरवलं असतं.

हॉस्पिटलातून मी सरळ तिकडे गेले. तिला बघून आले होते. तिच्या कपाळावर हात ठेवला होता, ते गार पडलेलं होतं. खोलीची किल्ली तिच्याच कपड्यांतून मिळाली. घरमालक मागोमाग जिना चढला, पण वर आल्यावर दोन पायऱ्या खालीच थांबला. मी कुलूप काढलं, कडी काढली, आणि आतून तुझा आवाज आला.

"कोण?"

मी म्हटलं, मी आहे गं, मावशी.

तू म्हणालीस, "मावशी, हळू उघड. आई दाराला टेकून बसलीय. तिला लागेल."

रडका आवाज नव्हता तो. रोजचा होता, पाणी दे म्हणतेस तसा. मी घरमालकाकडे पाहिलं. त्यानंही ऐकलं होतं, तो आणखी एक पायरी खाली उतरला.

मी दार ढकललं. हळूच. ते जड लागलं, बयो. मी शिवणकाम करणारी बाई आहे, माझ्या हाताला कापडाचं वजन कळतं, दाराचं कळत नाही असं नाही. पलीकडे कुणी बसलं असलं की लागतं तसं जड लागलं. मी थांबले. मग ते आपसूक हलकं झालं आणि उघडलं.

तू समोर उभी होतीस. तोंड कोरडं, डोळे कोरडे. माझ्याकडे पाहिलंच नाहीस. दाराच्या मागे पाहिलंस, मान वर करून, उभ्या माणसाकडे बघतात तशी.

"मावशी आली," तू तिला म्हणालीस. "आता तू जा कामावर."

मग माझं बोट धरलंस आणि आपण जिना उतरलो.

मावशी